मेनोर्काची घोडेवाट: पूर्ण फेरीचा हट्ट सोडा, उत्तर किनारा चाला

प्रश्न पुण्याहून आला आहे. नवरा-बायको, वय ५५ आणि ५२, दर रविवारी सह्याद्रीत कुठेतरी भटकणारे. सप्टेंबरअखेर दहा दिवस हाताशी आहेत आणि स्पेनच्या मेनोर्का बेटाला वळसा घालणारी ‘कामी दे कावाल्स’ ही १८५ किलोमीटरची जुनी किनारवाट त्यांना पुरी करायची आहे. दहा दिवसांत होईल का, कुठल्या दिशेने चालावं, फोटोत दिसणारे काळे-लाल खडक नेमके कुठे लागतात, आणि शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय, असे चार प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर: होईल, पण करू नका.

तुमच्या पायांबद्दल मला शंका नाही. ज्यांनी राजगड-तोरणा एका दमात केला आहे त्यांना दिवसाला अठरा-एकोणीस किलोमीटर जड नाहीत. बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर मोंते तोरो, तो जेमतेम ३५८ मीटरचा, आणि वाट त्याच्या आसपासही जात नाही. अडचण वेगळीच आहे. वाट वीस टप्प्यांत विभागली आहे, म्हणजे दहा दिवसांत रोज दोन टप्पे. त्यात पावसाचा एखादा दिवस गेला, टाचेला फोड आला, की उरलेले सगळे दिवस हिशेब करण्यात जातात. मी पहिल्या खेपेला हेच केलं. फेरी पुरी झाली, आणि घरी आल्यावर बायकोने विचारलं काय पाहिलंस, तर मला वाटेवरचे लाकडी खुंटे आठवत होते. दर थोड्या अंतरावर एक खुंटा, त्याच्याकडे बघायचं, पुढे चालायचं. त्यानंतर मी सहा वेळा गेलो, त्यातल्या चार वेळा लहान गट घेऊन. आता कोणी विचारलं तर एकच सांगतो: पाच-सहा दिवस उत्तर किनाऱ्याला द्या, एक दिवस दक्षिणेला, बाकी दिवस हातात ठेवा. मी आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं आहे, तेव्हा खडकांकडे माझा कल असणारच. तेवढं वजा करून वाचा.

उत्तरच का, ते सांगतो. बेटाच्या पूर्वेला राजधानीचं माओ बंदर आहे, तिथपासून वायव्येला काला मोरेलपर्यंत मनात एक रेघ ओढा (‘काला’ म्हणजे तिथली छोटी खाडी). त्या रेघेच्या खालचा अर्धा भाग, ज्याला बेटावरचे लोक ‘मिग्जोर्न’ म्हणतात, तो सगळा एकाच पांढुरक्या चुनखडकाचा. मायोसीन काळात, म्हणजे एक-दोन कोटी वर्षांपूर्वी, इथे उथळ, उबदार समुद्र होता, त्याच्या तळावर शंख-शिंपल्यांचा चुरा साठत गेला आणि त्याचा मऊ, करवतीने कापता येईल असा दगड झाला. गावातली घरं, चर्च, गुरांचे पाणवठे, सगळं त्यातूनच आलं. रेघेच्या वरचा भाग म्हणजे ‘त्रामुंताना’. उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याचंही हेच नाव. तिथे एका दिवसाच्या चालीत खडक तीन-तीनदा बदलतो: काळी पाटी (स्लेटचा खडक), लाल वालुकाश्म, करडा डोलोमाइट (चुनखडकाचाच भाऊबंद). दक्षिण एक दिवस पाहिली की पुढचे दिवस तिचीच उजळणी होते. उत्तरेला तसं होत नाही.

वाट कशासाठी होती हे ठाऊक असेल तर तिची वळणं कळतात. नावाचा अर्थ घोड्यांची वाट. समुद्रातून हल्ला आला तर आधी कळावं म्हणून किनाऱ्याने घोडेस्वारांची गस्त फिरायची, एका बुरुजावरची खबर पुढच्या बुरुजाला पोचायची. भीती पोकळ नव्हती. १५३५ मध्ये ऑटोमन, म्हणजे तुर्की, आरमाराचा सेनापती बार्बारोसा याने माओ लुटलं. १५५८ मध्ये ऑटोमन आरमाराने पश्चिमेचं सिउताडेला शहर पाडलं आणि तीन हजारांहून अधिक माणसं गुलाम करून इस्तंबूलला नेली. त्या वर्षाला तिथे अजून ‘दुर्दैवाचं वर्ष’ म्हणतात आणि ९ जुलैला दरवर्षी त्याची आठवण काढतात. पुढे १८व्या शतकात हे बेट इंग्रज, फ्रेंच आणि स्पॅनिश यांच्या हातात चेंडूसारखं फिरलं आणि १८०२ च्या आमियाँ तहाने कायमचं स्पेनकडे गेलं. ज्याच्या हाती बेट, त्याला वाट लागायचीच: पहारेकरी बदलायचे, तोफा हलवायच्या. म्हणून ही वाट कोळ्यांच्या पायवाटेसारखी पाण्याला चिकटून जात नाही. जिथून पुढची खाडी दिसते तिथे ती वर चढते, घोड्याला झेपेल तिथूनच उतरते. चालताना एखादं वळण विनाकारण वाटलं तर थांबून समुद्राकडे बघा, बहुतेक वेळा कारण समोर दिसतं.

२०व्या शतकात गस्त संपली, वाट शेतांच्या हद्दीत विरली, मालकांनी फाटकांना कुलपं घातली. लोकांनी हक्कासाठी चालत जाऊन निषेध केला, २००० साली बेलिआरिक संसदेने (मेनोर्का ज्या बेटसमूहात आहे त्याच्या प्रादेशिक संसदेने) या वाटेसाठी खास कायदा केला आणि २०१० मध्ये पूर्ण फेरी पुन्हा खुली झाली. युरोपच्या लांब पल्ल्याच्या पायवाटांमध्ये तिचा क्रमांक जीआर २२३. आजही वाट बरीचशी खाजगी शेतांतून जाते. मध्ये मध्ये रानऑलिव्हच्या वाकड्या फांद्यांची दारं लागतील. ही दारं करणाऱ्या कारागिराला तिथे ‘आरादेर’ म्हणतात. प्रत्येक फांदीचा मूळचा बाक तसाच ठेवून दार जुळवलेलं असतं, म्हणून दोन दारं सारखी नसतात. पुढे गेलात की दार लावून घ्या. आत गुरं असतात, आणि एका उघड्या दारावरून गावात किती बोलणी होतात ते मी ऐकलं आहे.

दिशा. टप्प्यांचे आकडे माओपासून सुरू होतात आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने वाढतात. तसंच चाला, पूर्वेकडून पश्चिमेकडे. सकाळचं ऊन पाठीवर राहतं आणि दुपार ढळल्यावर पश्चिमेचं तिरपं ऊन लाल कड्यांवर पडतं. उलट दिशेने गेलात तरी काही बिघडत नाही, पण सकाळभर डोळ्यांवर ऊन घेऊन चालण्यात मजा नाही.

पहिले दोन दिवस माओ ते एस ग्राउ आणि एस ग्राउ ते फावारिच. पहिला दिवस सपाट, पायाला सवय लावण्यापुरता. एस ग्राउच्या मागे पाणथळ आहे, पक्ष्यांची आवड असेल तर तिथे दुपार घालवा. दुसऱ्या दिवशी मात्र हळू चाला. झुडपं ठेंगणी होत जातात, हिरवा रंग कमी होतो आणि एका चढावरून पलीकडे बघितलं की जमीनच काळी झालेली असते. हे फावारिचचं भूशिर. दीपगृह वाटेपासून थोडं बाजूला आहे, डांबरी रस्त्याने जाऊन यावं लागतं. कंटाळा करू नका. पांढऱ्या मनोऱ्यावर काळा पट्टा गोल गोल चढत गेलेला, १९२२ चं बांधकाम, आणि चहूबाजूंनी काळी पाटी. गवताचं पातंसुद्धा नाही.

तिथे खाली वाकून दगड बघा. पाटीचे थर आडवे नाहीत, उभे आहेत, पुस्तकं फळीवर ठेवावीत तसे. दोन काळ्या थरांच्या मध्ये बोटभर जाडीचा, जरा फिका, खरखरीत थर दिसेल. काळा म्हणजे खोल समुद्रातला चिखल, फिका म्हणजे वाळू. समुद्राखालच्या उतारावरून गाळ एकदम घसरायचा, आधी वाळू बसायची, मग सावकाश चिखल. पुन्हा घसरण, पुन्हा वाळू. असं लाखो वर्षं चाललं. मग डोंगर घडताना ते सगळं दाबलं गेलं आणि उभं राहिलं. वाळूच्या थरात कुठली बाजू भरड आणि कुठली बारीक ते बोटाने चाचपा. भरड ती मूळची खालची बाजू. माझ्याबरोबर आलेली नाशिकची एक शाळकरी मुलगी हे कळल्यावर अर्धा तास प्रत्येक थराला हात लावत फिरत होती, आणि एका जागी तिने मला चूकही दाखवून दिली. सह्याद्रीचा तुमच्या रोजच्या पायाखालचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. ही पाटी तीस कोटींहून जुनी. ओली असेल तेव्हा मात्र तिच्यावर पाय जपून. ती बेसाल्टसारखी पकडत नाही, साबणासारखी सोडते.

फावारिच ते फोर्नेल्स गाव हा भाग सोडला तरी चालेल. मध्ये हॉटेलांची वसाहत आहे, बरीचशी चाल डांबरावरून. मी गटाला तेवढ्यापुरतं गाडीने नेतो आणि कोणी कधी तक्रार केली नाही.

ज्यासाठी जायचं ते फोर्नेल्सच्या पश्चिमेला. बिनिमेला ते अल्गायारेन्स, मध्ये एल्स आलोक्स, मिळून अठरा-एकोणीस किलोमीटर. अंतर ऐकून हसू नका. उंची कुठेच फार नाही, पण प्रत्येक खाडीला उतरायचं, पलीकडे चढायचं, पुन्हा उतरायचं. कोकणकड्यासारखा एकच मोठा चढ असता तर बरं, असं दुपारी तीनला वाटतंच. दोन दिवसांत करा. एल्स आलोक्सला कच्चा रस्ता येतो, तिथून उचलायला गाडी सांगून ठेवता येते. मात्र रस्ता खराब आहे, चालक यायला तयार आहे का ते आदल्या दिवशीच नीट विचारून घ्या.

बिनिमेलाहून निघालात की अर्ध्या-पाऊण तासात काला प्रेगोंडा. वाळू सोन्याच्या रंगाची आणि समोर पाण्यात पिवळे-गुलाबी सुळके उभे, वारा नि लाटांनी कुरतडलेले. सकाळी नऊच्या आत पोचा, त्यानंतर पोहणारी मंडळी येतात. पुढचा टप्पा सगळ्यात एकांताचा. एल्स आलोक्सनंतर जमीन लाल होऊ लागते आणि काला पिलारला कडा पूर्ण तांबडा. हा नद्यांनी आणलेला गाळ. हवामान कोरडं होतं, वाळूतलं लोखंड गंजलं, आणि तो गंज दगडात कायमचा राहिला. कड्यात तिरप्या रेघा दिसतील, त्या जुन्या नदीतल्या वाळूच्या लाटा. पाणी कुठून कुठे वाहत होतं ते त्या रेघांच्या कलावरून कळतं. लाल दगड, पलीकडे निळा समुद्र, मध्ये पाइनची हिरवी रेघ: फोटो सगळे इथलेच असतात.

पिलारच्या किनाऱ्यावरून पुढे एक छोटा खडकाळ भाग ओलांडला की गोट्यांचा किनारा लागतो. अशा किनाऱ्याला तिथे ‘मकार’ म्हणतात. दक्षिणेच्या प्रसिद्ध मकारेलाच्या नावातही तोच शब्द. नारळाएवढे, कलिंगडाएवढे गोटे, लाल, जांभळे, करडे, पट्ट्यापट्ट्यांचे. लाट मागे सरते तेव्हा गोटे एकमेकांवर घरंगळतात, त्या आवाजासाठी मी दर वेळी तिथे डबा उघडतो. गोटा खिशात घालू नका. तसंच या बाजूच्या किनाऱ्यांवर लाल-करडी माती अंगाला फासून फोटो काढायची टूम आहे, त्यासाठी लोक कडा खरवडतात आणि कडा ढासळतो. त्यातही पडू नका.

पाण्याचं इथेच सांगतो, कारण चुकलो तेही इथेच. तिसऱ्या खेपेला ऑगस्टमध्ये गेलो होतो, माणशी दीड लिटर घेऊन. नकाशात ओढे दिसत होते. ते सगळे कोरडे होते, चुनखडकात आणि वाळूत पाणी टिकत नाही हे मी वर्गात तीस वर्षं शिकवत आलो होतो तरी. पिलारला पोचेपर्यंत माझ्या मित्राला घाम यायचा थांबला होता. नशीब, पोहायला आलेल्या एका जोडप्याकडे पाणी होतं. तिथून पाइन आणि ओकच्या झाडीतून गाड्यांच्या तळाकडे जाणारी वाट आहे, सावलीची, आम्ही त्या वाटेने बाहेर पडलो आणि पुढचे दोन दिवस खोलीत झोपून काढले. बिनिमेला ते अल्गायारेन्स या पट्ट्यात दुकान नाही, नळ नाही. सप्टेंबरातसुद्धा माणशी तीन लिटर. झाडीची ती पळवाट नकाशात आधीच बघून ठेवा.

अल्गायारेन्सनंतर काला मोरेल. खाडीच्या दोन बाजू निरखून बघा: एकीकडे जुना करडा डोलोमाइट, दुसरीकडे पांढरा चुनखडक. माओहून ओढलेली आपली रेघ इथे समुद्रात उतरते. मागच्या घळीत खडकात खोदलेल्या चौदा गुहा आहेत, बेटावरच्या प्राचीन लोकांची दफनभूमी. एका गुहेच्या दर्शनी भागावर ग्रीक धाटणीची पट्टी कोरली आहे. अजिंठा-वेरूळ बघितलेल्या डोळ्यांना ती साधी वाटेल, पण छिन्नीच्या खुणा मात्र ओळखीच्या वाटतील.

शेवटचा उत्तरेचा दिवस पुंता नाती. पुष्कळ लोक हा टप्पा रुक्ष म्हणून टाळतात. मला तो सगळ्यात आवडतो. झाड नाही, सावली नाही, नुसता धारदार, भोकाभोकांचा चुनखडक, आपल्या जांभ्याच्या सड्यावर चालल्यासारखा, फक्त रंग राखाडी. चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती नजर पोचेल तिथवर, आणि मध्ये मेंढरांसाठी बांधलेले पायऱ्यापायऱ्यांचे दगडी घुमट. भिंत ओलांडायला तिच्यातूनच चार दगड बाहेर काढलेले असतात, तेच पायरीचं काम करतात. इथलं दीपगृह १९१३ चं. फेब्रुवारी १९१० मध्ये मार्सेहून अल्जीयर्सला निघालेली ‘जनराल शाँझी’ ही फ्रेंच बोट वादळात याच कड्यांवर आपटली आणि एकच माणूस वाचला. दिवा त्यानंतर आला. कड्याच्या टोकाशी उभं राहायचं असेल तर त्रामुंताना वाहत नसेल त्या दिवशी. हा वारा सुटला की रानऑलिव्हची झाडंसुद्धा दक्षिणेला आडवी वाढतात, तुम्ही-आम्ही काय. जमिनीलगत काटेरी उशांसारखी झुडपं दिसतील, त्यांना ‘सोकारेल’ म्हणतात. वाऱ्यापुढे तग धरायची ती त्यांची रीत. चुकूनही त्यांच्यावर बसू नका.

आभाळाकडेही लक्ष असू द्या. आपल्याकडचं पांढरं गिधाड इथेही आहे, आणि युरोपात बहुतेक ठिकाणची ही गिधाडं हिवाळ्यात आफ्रिकेला जात असताना मेनोर्कातली वर्षभर बेटावरच राहतात. आणि पायाखालीही बघत चला. वाटेत कासव आडवं येतं, जमिनीवरचं, हातभरही लांब नसलेलं. त्याला त्याच्या वेगाने जाऊ द्या.

दक्षिणेच्या एका दिवसासाठी काला एन तुर्केता ते काला गाल्दाना. पांढरे कडे, फिरोजी पाणी, पाइनची सावली, आणि गर्दी. पोहायचे कपडे घ्या. किनाऱ्यावर तपकिरी पात्यांचे ढीग दिसले तर घाण समजू नका, ते पोसिडोनिया या समुद्रातल्या वनस्पतीचं वाळलेलं पान आहे. त्या ढिगांमुळे हिवाळ्यात वाळू वाहून जात नाही.

मुक्कामाचं थोडक्यात: वाटेवर तंबू ठोकायला बंदी आहे, तेव्हा फोर्नेल्स आणि सिउताडेला असे दोन तळ करा आणि रोज पाठीवर लहान पिशवी घेऊन चाला. किनाऱ्याच्या बऱ्याच बस उन्हाळ्यापुरत्याच असतात, सप्टेंबरअखेरचं वेळापत्रक बघूनच बेत आखा. बूट नवे नकोत, तळवा जाड हवा. गुडघ्याची तक्रार असेल तर काठ्या फक्त बिनिमेला-अल्गायारेन्ससाठी लागतील. शरद ऋतूत तिथे एकदम धो धो पाऊस पडू शकतो, हातचे दिवस त्यासाठीच.

आता खाणं. बेकरीत ‘एन्साइमादा’ नावाचं भुरभुरीत गोल वेटोळं दिसेल, वर पिठीसाखर. शाकाहारी मंडळी हमखास घेतात. त्याच्या नावातल्या ‘साइम’चा अर्थच डुकराची चरबी, तेव्हा तुम्ही घेऊ नका. माओचं चीज, पाव, ऑलिव्ह तेल आणि टोमॅटो एवढ्यावर डबा छान होतो. आणि संध्याकाळी ‘ओलियाइग्वा’ विचारा. नावाचा अर्थ तेल-पाणी, प्रत्यक्षात टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची, लसूण मंद आचेवर, उकळी न येऊ देता केलेलं सार. पावाच्या पातळ चकत्यांवर ओततात आणि उन्हाळ्यात सोबत ताजी अंजिरं देतात. सारासोबत अंजीर हे ऐकून आमच्या गटातल्या एका काकूंनी नाक मुरडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दुकानातून पाव किलो अंजिरं आणून ठेवली होती.